इथेही सरकारचे जावई

"नागपुरात कुठे?"

"इंदोरा."

काकांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मग नवऱ्याकडे. मग कागदावरचं आडनाव परत वाचलं, या वेळी हळू. त्यांना जे कळायचं होतं ते कळलं.

ते अमेरिकेतल्या डब्लिनच्या लायब्ररीतल्या मीटिंग रूममध्ये टेबल टाकून बसले होते. टॅक्सचे दिवस आले की मराठी मंडळाचे हे काका रविवारी लोकांचे टॅक्स भरून द्यायचे. फुकट. भला माणूस म्हणून नाव होतं त्यांचं. स्टीलच्या कंपनीत इंजिनिअर होते, रिटायर झाले होते. मागच्या खुर्च्यांवर आपलीच माणसं नंबर लावून बसली होती. पुण्याची, मुंबईची, आयटीतली.

मी त्यांच्यासमोर सरकारकडून आलेलं पाकीट ठेवलं. आम्ही दोघं काम करायचो तो कारखाना जानेवारीत बंद झाला होता. गाड्यांच्या वायरिंगचं काम होतं, मशिनं मेक्सिकोला गेली. नोकरीबरोबर इन्शुरन्स गेला. पाकिटात लिहिलं होतं की काम परदेशी गेल्यामुळे ज्यांची नोकरी गेली, त्यांच्या हेल्थ इन्शुरन्सच्या हप्त्याचा मोठा वाटा सरकार टॅक्स क्रेडिट म्हणून भरेल. एवढं मला वाचता आलं होतं. पण टॅक्स क्रेडिट म्हणजे काय, ते कळत नव्हतं. मिळकतच नाही तर टॅक्स कसला आणि क्रेडिट कसलं? तेच विचारायला आलो होतो.

काकांनी पाकीट उघडलं, वाचलं, आणि हसले. मागच्यांना ऐकू जाईल असं बोलले.

"वा. इथेही झालात का सरकारचे जावई?"

मागे दोन-तीन जण हसले. मोठ्याने नाही. बेतानंच.

मीही हसले.  तोंड आपोआप हसलं. नवरा टेबलाच्या कडेकडे बघत राहिला.

काका मग समजावण्याच्या सुरात बोलू लागले. म्हणाले, यात पडू नका. हे इथल्या गोऱ्या युनियनवाल्यांसाठी असतं. उद्या चौकशी लागली तर तुम्ही अडकाल आणि आपल्या सगळ्यांचं नाव खराब होईल. दुसरी नोकरी बघा, तिचा इन्शुरन्स मिळेल. थोडे महिने काढा. आणि पाकीट बंद करून माझ्या हातात दिलं.

प्रज्ञा, माझी मुलगी, आमच्या बाजूला बसली होती. हायस्कूलमध्ये होती. गाडीत तिने विचारलं, "आई, सन-इन-लॉ ऑफ द गव्हर्नमेंट? व्हॉट्स सो फनी?"

मी म्हणाले, जोक होता.

तिला आमच्याबद्दल काही सांगितलंच नव्हतं. माझा भाऊ इंजिनिअर होऊन आधी इकडे आला, फ्रीमाँटला स्थिरावला, त्याने आमचे कागद केले. इकडे येताना आम्ही ठरवलं होतं की ते सगळं तिकडेच ठेवायचं. तिकडे 'जावई' हा शब्द मी शाळेत ऐकला होता, फीमाफीचे कागद घेऊन ऑफिसात गेले तेव्हा. कॉलेजात ऐकला होता. भावाला तर सीट मिळाली तेव्हा शेजारच्या बाईने पेढा हातात घेऊन ऐकवला होता. मला वाटलं होतं, समुद्र मोठा आहे, एवढं अंतर शब्दाला जमणार नाही.

मी ते पाकीट ड्रॉवरमध्ये टाकलं. काका शिकलेले होते. ते चुकीचं कशाला सांगतील?

नवऱ्याला शुगर होती. डॉक्टरकडे जायचं म्हणजे आता खिशातून. तो म्हणाला, बरा आहे मी. गोळ्या पुरवून पुरवून घ्यायला लागला. नवीन बूट घेतले होते, त्यांनी पायाला फोड आला. तो त्याने मोजे घालून झाकला. मला दिसला तेव्हा त्याला वास येत होता.

मी ओरडले नाही. "काहून सांगितलं नाही?" एवढंच विचारलं. तो म्हणाला, सांगून काय केलं असतं?

इमर्जन्सीत नेलं. उजव्या पायाची दोन बोटं काढली.

हॉस्पिटलमधल्या सोशल वर्करने विचारलं, इन्शुरन्स का नाही? मी कारखान्याचं सांगितलं. ती म्हणाली, मग तुम्हाला क्रेडिट मिळायला हवं, सरकारी जॉब सेंटरला जा. मी दुसऱ्या दिवशी गेले. काउंटरमागे एक थकलेली बाई होती, सारखी खोकत होती. तिने मला काही प्रेमाने वगैरे सांगितलं नाही. तिचं ते रोजचं काम होतं. म्हणाली, हे टॅक्समधून कमी होणारे पैसे आहेत, पण टॅक्स लागत नसला तरी मिळतात. वर्षअखेरीला एकदम घ्या किंवा दर महिन्याला परस्पर इन्शुरन्स कंपनीला पाठवू. तुमचा वाटा तुम्ही भरायचा, उरलेला आम्ही.

मी विचारलं, चौकशी लागेल का? आम्ही इथले नाही.

तिने मान वर केली. "तुम्ही त्या कारखान्यात काम करत होतात ना?"

"हो."

"मग झालं."

पुढचं तिने कॉम्प्युटरकडे बघत सांगितलं. आधीचा इन्शुरन्स संपल्यापासून दोन महिन्यांहून जास्त खंड पडला होता. नवीन इन्शुरन्स मिळेल, पण जुना आजार ते वर्षभर धरणार नाहीत. शुगर धरणार नाहीत. पाय धरणार नाहीत. वेळेत आला असतात तर धरला असता.

मी पार्किंगमध्ये गाडीत बसून राहिले. रडू येईल म्हणून वाट बघितली. आलं नाही.

त्या संध्याकाळी प्रज्ञाला सगळं सांगितलं. इंदोरा म्हणजे आपली दलित वस्ती, आडनाव दोनदा का वाचतात, जावई कोणाला म्हणतात.  ती म्हणाली, "सो ही न्यू. द मोमेंट यू सेड द प्लेस." हो म्हणाले. तिने उठून बाबाच्या पायाची पट्टी बदलली.

दिवाळीच्या आधी काकूंचा फोन आला. काकांची बायको. मंडळाचा फराळ त्यांच्याकडे करायचा होता. "तू घरीच असतेस ना आता? तुझ्या चकल्या छान होतात." मी गेले. का गेले ते मला नीट सांगता येणार नाही. कोणी बोलावलं की जायचं, अशी सवय होती.

तळण गॅरेजमध्ये होतं, घरात वास नको म्हणून. गॅसच्या शेगडीपाशी मी एकटी. बाकीच्या आत किचनमध्ये लाडू वळत होत्या. मधलं दार उघडं होतं. कोणीतरी काकूंना विचारलं, रिटायर झाल्यावर इन्शुरन्सचं कसं करता हो?

काकू म्हणाल्या, "अगं, ह्यांची कंपनी बुडाली ना, पेन्शन सरकारने ताब्यात घेतलं. तशा लोकांना सरकार टॅक्स क्रेडिट देतं, हप्त्याचा मोठा वाटा तेच भरतात. मागच्या वर्षीपासून मिळतंय. हक्काचं आहे. जन्मभर काम केलंय ह्यांनी."

झाऱ्यात चकल्या होत्या. त्या मी निथळून काढल्या. गॅस बंद केला. हात पुसले आणि किचनमधून सरळ पुढच्या खोलीत गेले. काका टीव्ही बघत होते.

"काका, मी तुम्हाला जे पाकीट दाखवलं होतं, तेच क्रेडिट तुम्ही स्वतः घेता?"

त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला. "ती केस वेगळी आहे."

"कायदा एकच आहे. मी सेंटरला विचारलंय. कारखाना गेलेल्यांना आणि पेन्शन बुडालेल्यांना, दोघांना."

"हे बघ, मी तुमच्या भल्यासाठीच सांगितलं. आणि तो शब्द मनाला लावून घेऊ नकोस. गंमत होती."

"माझ्या नवऱ्याची दोन बोटं काढली."

 किचनच्या दारात बायका येऊन उभ्या राहिल्या होत्या. काकू म्हणाल्या, "बाहेर तेल तापत नाहीये ना?"

"बंद केलंय," मी म्हणाले. "उरलेलं तुम्ही तळा. आणि काका, तुम्ही घेता तेव्हा हक्क असतो. मी मागितलं की मी जावई. हे मी आता सगळ्यांसमोर बोलणार. मंडळातसुद्धा."

मी चप्पल घातली आणि निघाले. 

मंडळाच्या सभेत बोलले. अध्यक्ष म्हणाले, इथे हे विषय नकोत, अमेरिकेत आपण सगळे सारखे. काकांना कोणी काही विचारलं नाही. पुढच्या टॅक्सच्या दिवसांत ते त्याच टेबलावर बसले. आम्हाला बोलावणी यायची बंद झाली. नवरा म्हणाला, जाऊ द्यायचं होतं, इथे आपलं आहे कोण? मी म्हणाले, नसेल तर नसेल.

पाय आता तसाच राहणार. तो चालताना एका बाजूला झुकतो. मी त्याच्याकडे बघते तेव्हा मला अजून काही वाटत नाही, आणि ते वाटेल तेव्हा मला भीती वाटेल हेही माहीत आहे.

पण एक झालं आहे. माझ्या घरात सरकारचा जो कागद येईल तो मी वाचणार. कळला नाही तर डिक्शनरी घेऊन वाचणार. तरी नाही कळला तर ज्या खिडकीतून आला तिथे जाऊन विचारणार. समजेपर्यंत विचारणार. माझं आहे की नाही हे कायद्याला विचारणार, आपल्या माणसांना नाही. मागे रांग खोळंबेल, लोक उसासे टाकतील, कोणीतरी हसेल.

हसू दे. मी खिडकीवरून हलणार नाही.