आतून बंद, सगळे बाहेर

आमच्या घराचं दार मी आतून कडी लावून बंद केलं, तेव्हा मी बाहेर होते.

वाक्य चुकलेलं नाही, पुन्हा वाचू नका. त्या दिवशी आमच्या बिल्डिंगमधल्या प्रत्येकाने मला तेच सांगितलं होतं, "नीट बोला, असं कसं होईल?" पण झालं होतं. आणि झालं तेही नणंदेच्या साखरपुड्याच्या सकाळी!

मी रहस्यकथा लिहिते. म्हणजे सुरतेत राहून मराठीत लोकांना मारते. (कागदावर.) नव्वदच्या दशकातल्या त्या वर्षांत आमचे हे बँकेत होते, सासूबाई धुळ्याहून कायमच्या आमच्याकडे आल्या होत्या आणि माझा दिवस तीन कामांत जायचा: लिहिणं, मण्यांची तोरणं विणणं आणि रविवारी फिरायला जाणं. सुरतेत रविवारी संध्याकाळी घरी चूल पेटवणं म्हणजे पापच! सगळं शहर बाहेर खायला निघतं, तसे आम्हीही डुमसला भजी खायला जायचो. तिथे समुद्राकडे बघून मी म्हणायचे, "अहो, ओहोटीच्या वेळी मृतदेह टाकला तर किती लांब जाईल हो?" हे म्हणायचे, "हळू बोल, शेजारची माणसं भजी खातायत." एकदा तर बारडोलीच्या वाटेवर मी उसाच्या फडाजवळ स्कूटर थांबवायला लावली आणि आत शिरून माणूस कुठून दिसेनासा होतो ते पाहिलं. बाहेर आले तेव्हा ह्यांच्याभोवती चार शेतकरी उभे होते आणि हे त्यांना सांगत होते, "पाहुणीची तब्येत बरी नाही." पाहुणी! सख्खी बायको मी!

तर त्या वर्षी मी बंद खोलीतल्या खुनाची कादंबरी लिहीत होते. खोली आतून बंद, आत प्रेत, खुनी गायब. वाचायला सोपं आहे हो! पण माझा एक नियम आहे, जे स्वतःला जमत नाही ते खुन्याला करायला लावायचं नाही. (विषाच्या बाबतीत सवलत घेते.) आमच्या दाराला आत आडवी सरकती कडी होती. तिच्या मुठीला दोऱ्याचा फास अडकवायचा, दोऱ्याची दोन्ही टोकं दार आणि चौकटीच्या फटीतून बाहेर घ्यायची, दार ओढायचं आणि बाहेरून दोरा खेचायचा. कडी सरकून चौकटीत बसणार. मग एक टोक सोडून दुसरं ओढलं की दोराही बाहेर! कल्पना झकास, पण शिवणाचा दोरा तुटायचा, लोकर फटीत अडकायची, आणि घर काही रिकामं मिळायचं नाही. प्रयोग रंगात आला की आतून सासूबाई ओरडायच्या, "दाराशी काय खुडबुड करतेस? मांजर आहेस का?"

आता वंदनाबद्दल सांगायला हवं. वंदना माझी नणंद, शाळेत शिकवायची. तिने तोवर इतकी स्थळं परत पाठवली होती की सासूबाईंनी लग्नाबद्दल बोलणंच सोडलं होतं. पण पलसाण्याच्या डाइंग मिलमध्ये रंगाचं काम बघणारा प्रकाश बघून गेला आणि ही पोरगी चक्क दोन दिवस गुणगुणत भाजी निवडत होती! मला म्हणाली, "वहिनी, हे जमलं नाही ना, तर मी पुन्हा कुणासमोर बसणार नाही." माझा तिच्यावर फार जीव. अडचण एकच, प्रकाशच्या आई. भेस्तानला राहायच्या, मुख्याध्यापिका होत्या, आणि बघण्याच्या कार्यक्रमात त्या एकदाही हसल्या नव्हत्या. पोहे खाऊन फक्त म्हणाल्या होत्या, "घरात शिस्त दिसत नाही. बघू."

शेवटी होकार आला आणि साखरपुडा आमच्याच बिल्डिंगच्या गच्चीवर ठरला. समोरच्या हंसाबेननी जेवणासाठी आपलं स्वयंपाकघर दिलं होतं, आणि वंदना त्यांच्याकडेच परकर-पोलक्यावर गाऊन घालून केसांना गजरा माळून घेत होती. सासूबाई आणि हे सतरंज्या घालायला गच्चीवर गेले. जाताना सासूबाई म्हणाल्या, "वंदनाची साडी, जावयाची अंगठी, ओटीचं सगळं त्या ताटात आहे. ताट घे, दार ओढ, आणि ये."

किती सोपं काम! मी ताट उचललंसुद्धा. पण दाराला मी नुकतंच मोत्यांचं तोरण लावलं होतं आणि तोरण ओवायच्या नायलॉनच्या दोऱ्याचं रीळ तिथेच होतं. मागांवर कापड विणायला वापरतात तो दोरा, केसासारखा बारीक, हाताने तुटता तुटत नाही. मी रिळाकडे बघितलं. कडीकडे बघितलं. घर रिकामं होतं! कित्येक महिन्यांत पहिल्यांदा! ताट मी आत टेबलावर ठेवलं (प्रयोगाला दोन हात लागतात), फास अडकवला, बाहेर आले आणि दोरा ओढला.

खट्!

दोरा सुळकन बाहेर आला. दार ढकललं, हललं नाही. खांद्याने ढकललं, तरी नाही. मी आनंदाने अक्षरशः टाळ्या वाजवल्या हो! जिन्यात एकटीच नाचले! आणि नाचता नाचता मला आठवलं की ताट आत आहे.

आवाज ऐकून हंसाबेन बाहेर आल्या, मागून वंदना, वरून सासूबाई आणि हे.

"काय व्हयनं व?" सासूबाईंनी विचारलं. त्या घाबरल्या की अहिराणीत बोलतात.

"दार आतून बंद झालंय."

"अंदर कोण छे?" हंसाबेन.

"कोई नथी."

"तो कडी कोणे मारी?"

"में मारी."

"तमे तो अहीं बहार उभां छो!"

हंसाबेननी माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला. ह्यांनी मला पायरीवर बसवलं. "हिला दगदग झालीय," हे म्हणाले. "आत चोर असेल." चोर म्हटल्याबरोबर खालच्या मजल्यावरून माणसं आली. कुणाच्या हातात बॅट, कुणाच्या हातात कपडे धुवायचं धोपाटणं, एका गृहस्थांच्या हातात नुसताच टॉवेल. सगळे मिळून बंद दाराला दम देऊ लागले, "बाहर आ, साले!" तेवढ्यात आतून आमचा फोन वाजायला लागला. भेस्तानचे पाहुणे कुठल्यातरी पीसीओवरून, पोचतोच आहोत म्हणून कळवत असणार! फोन वाजत होता आणि घरचे सगळे बाहेर रांगेत उभे राहून ऐकत होते.

मला राग आला. मी इतकी अवघड गोष्ट करून दाखवली आणि शाबासकी कुणाला, तर चोराला?

"चोर नाही!" मी ओरडले. "मी केलंय! दोऱ्याने! पटत नसेल तर दाखवते!"

"करी बतावो!" हंसाबेन म्हणाल्या.

हे लक्षात ठेवा, त्या स्वतः म्हणाल्या होत्या. त्यांचं दार समोरच, एकाच बिल्डरने बसवलेलं, कडीही तशीच. त्यांच्या घरातली झाडून सगळी माणसं बघायला बाहेर आली. मी फास अडकवला, बाहेर आले, दार ओढलं, दोरा खेचला.

खट्!

आणि काय टाळ्या पडल्या! टॉवेलवाले गृहस्थ तर "वाह भाभी, वाह!" करत राहिले. हंसाबेननी दार ढकलून बघितलं आणि त्या कौतुकाने हसल्या. "मानी गया! हवे खोलो."

मी दोरा रिळाला गुंडाळायला लागले.

"खोलो ने!"

"हंसाबेन," मी म्हणाले, "खुनी बंद करून पळून जातो. त्याला परत आत यायचं नसतं."

"मग तुझा डिटेक्टिव्ह दार कसं उघडतो?" ह्यांनी विचारलं.

"फोडतो."

"प्रत्येक कादंबरीत?"

"प्रत्येक."

आता हिशेब असा झाला: साडी, अंगठी आणि ओटी आमच्या घरात बंद. बासुंदी, पुऱ्या आणि तीस माणसांचं उंधियूं हंसाबेनच्या घरात बंद. "आते काय कराणं व माय!" म्हणत सासूबाई भिंतीला टेकल्या. वंदना गजरा माळलेली, गाऊनमध्ये, जिन्यात उभी. तिने माझ्याकडे बघितलं. रागावली असती तर परवडलं असतं, पण तिचे डोळे भरून आले होते. "वहिनी, त्या आता नाहीच म्हणतील," ती म्हणाली. कुठून हे खून करायचं वेड लागलं असं झालं मला!

आणि जिन्यावर पावलं वाजली.

सगळ्यात पुढे मुख्याध्यापिकाबाई, पाठीमागे प्रकाश, मग त्यांची माणसं. बाईंनी बॅट पाहिली. धोपाटणं पाहिलं. टॉवेल पाहिला. शेवटी गाऊनमधली सून पाहिली.

"फोन उचलत नाही तुम्ही," त्या म्हणाल्या. "आणि हे काय चाललंय?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मग मीच पुढे झाले आणि सगळं सांगितलं. फास, फट, नायलॉन, ताट. लपवून काय उपयोग होता, रीळ माझ्या हातातच होतं. बाईंनी चष्मा लावला, वाकून फट तपासली, दोरा बोटाला गुंडाळून ओढून बघितला.

"म्हणजे आत कुणी नाही, तरी आतून बंद. मग असा खुनी सापडतो कसा?"

हे पटकन म्हणाले, "त्याला शाबासकी हवी असते हो. तो आपण होऊन सगळ्यांना दाखवतो, आणि तेही दोनदा!"

बाईंचा चेहरा थरथरला. मला वाटलं, संपलं. आणि त्या हसल्या! हसल्या म्हणजे काय, कठडा धरून, चष्मा काढून डोळे पुसत हसल्या. प्रकाश त्यांच्याकडे बघतच राहिला. मग त्यांनी वंदनाला जवळ घेतलं. "रडतेस कशाला गं? साखरपुड्याची साडी आम्हीच आणायची असते ना? ती माझ्या पिशवीत आहे. आणि मुलगी तर बाहेरच आहे. आणखी काय आत राहिलं?"

मला इतकं हलकं वाटलं की मी त्यांच्या पायाच पडले. वंदना ती साडी वरच्या मजल्यावरच्या जोशीकाकूंकडे नेसली. काकू स्वतःच्याच दाराला पाठ लावून उभ्या होत्या. मी मदतीला गेले तर म्हणाल्या, "तिथूनच आशीर्वाद द्या."

गच्चीवर साखरपुडा थाटात झाला. मग सगळ्यांच्या पोटात कावळे ओरडायला लागले, तेव्हा भावी जावयाने आधी हंसाबेनचं दार खांद्याने फोडलं, कारण तिथे बासुंदी होती, आणि मग आमचं, कारण तिथे त्याची अंगठी होती. सासरच्या दोन दारांशी इतक्या लवकर ओळख झालेला जावई मी दुसरा पाहिलेला नाही. जेवताना तो डाव्या हाताने जेवला.

लग्नाची बोलणी झाली तेव्हा विहीणबाईंनी मानपानाचं नावही काढलं नाही. त्यांची अट एकच होती: लग्नाच्या दिवशी वंदनाच्या वहिनीला कुठल्याही दाराजवळ एकटं सोडायचं नाही. ती त्यांनी जातीने पाळलीही. लग्नाचा अल्बम उघडा, प्रत्येक फोटोत विहीणबाईंनी माझा हात घट्ट धरलेला आहे. मंगलाष्टकांत, पंगतीत, पाठवणीच्या वेळीसुद्धा. अल्बम बघणारा प्रत्येकजण म्हणतो, "विहिणींचं काय प्रेम आहे हो तुमच्यावर!"

मी हो म्हणते. कादंबऱ्यांत इतक्या गुन्हेगारांना बेड्या घातलेल्या माझ्यासारख्या बाईने लोकांना कुठे सांगत बसायचं, की ते प्रेम नव्हे, ती माझी अटक आहे!