चिंच आणि कूलरचे नट

आमच्या घरी चिंच आली की थोडी वरणात जायची, बाकी सगळी लोखंडात. माझ्या आईनं पारशिवनीहून चिंचोके काढून, मीठ लावून वर्षाचे गोळे पाठवावेत आणि मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, ते होळीच्या आत संपवावेत. जिन्याखाली त्यांचं वर्कशॉप होतं. तिथे माझ्याच पातेल्यांत गंजलेल्या बिजागऱ्या आणि कुणाकुणाच्या सायकलींचे पायडल गंज सुटावा म्हणून चिंचेच्या पाण्यात भिजत पडलेले असत. मी डोक्याला हात लावायची.

खरा वैरी आमचा पत्र्याचा कूलर. दर उन्हाळ्याआधी मामाजी तो सुटा करायचे. एकेक नट भिजवायचे, तारेच्या ब्रशनं घासायचे, पुसून लगेच तेल लावायचे. तोवर घराची भट्टी झालेली असे. शेजारी गार हवेत झोपलेले आणि आम्ही ओल्या टॉवेलखाली. नवा प्लास्टिकचा घेऊ म्हटलं की त्यांचं ठरलेलं उत्तर, "जंग काहून लागते, सांगू? कोणी हात लावत नाही म्हणून."

एकदा तर ओट्यावर विसरलेलं त्यांचं पातेलं मी कोळ समजून वरणात ओतलं. नट माझ्या नवऱ्याच्या, सुधीरच्या दाताखाली आला. सुधीर ओरडत होता. मामाजींनी नट धुतला, चष्म्याजवळ नेला आणि एवढंच म्हणाले, "अजून अर्धा दिवस ठेवाले पाहिजे होता."

मग एका दिवाळीनंतर त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात लुळा पडला. बोटं रोज हलवा, नाहीतर हात कायमचा आखडेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मामाजी भिंतीकडे तोंड करून पडून राहत. दिलेला रबरी चेंडू पलंगाखाली गेला. सुधीर समजावून थकला. मला मात्र भयंकर राग आला. जगाच्या भंगाराला जीव लावायचा आणि स्वतःचा हात असा टाकून द्यायचा? एक दिवस मी चिंच भिजवली, कूलरचे नट त्यात टाकले आणि पातेलं त्यांच्या पलंगावर आदळलं.

"मामाजी, जंग काहून लागते?"

ते भिंतीकडून माझ्याकडे वळले. मग त्यांनी डाव्या हातानं उजवा हात उचलून पाण्यात ठेवला.

त्या हिवाळ्यात माझी एकही चादर धड राहिली नाही, सगळ्यांवर तपकिरी डाग. नट निसटायचा, ते त्याला शिव्या द्यायचे, पुन्हा उचलायचे. हळूहळू बोटं वळू लागली. होळीनंतर कूलर उभा राहिला, तेव्हा शेवटचा नट त्यांनी कुणाला लावू दिला नाही. उजव्या हातात पाना धरून, घामाघूम होत, आवळला. "टाक आता पाणी, बाई," म्हणाले. तो उन्हाळा त्यांनी त्याच कूलरसमोर काढला. पावसाळ्यात ते गेले.

यंदा कूलर सुटा करायला मीच बसले. सगळे नट सुटले, तो एक काही केल्या सुटेना. सुधीरनं जोर लावून पाहिला. मी पुन्हा जोर लावला, तर पाना घसरून माझ्या बोटांची सालटी निघाली. आजारी माणसानं इतकं आवळायचं असतं का? ते समोर असते तर चांगली सुनावली असती. तिथेच फरशीवर बसून मी रडले. मग तो नट तसाच राहू दिला आणि त्यावर तेल सोडलं.