नऊ उन्हाळ्यांची राळ

ग्लाफिरा प्रोकोप्येव्हनाने सव्वीस वर्षे लाकडाच्या पट्ट्या कापल्या. आमच्या प्रयोगशाळेत तिला कुणी शास्त्रज्ञ म्हटले नाही. परंतु उत्तरेकडून आलेले एकही खोड तिच्या करवतीखालून गेल्याशिवाय क्ष-किरणांपुढे जात नसे. पट्टीची जाडी सव्वा मिलिमीटर. मग त्या पट्ट्या शुद्ध स्पिरिटमध्ये तीन दिवस उकळायच्या, म्हणजे लाकडात मुरलेली राळ निघून जाते. राळ राहिली तर फिल्मवर तीही लाकूड म्हणूनच उमटते. उन्हाळा उबदार गेला असेल तर त्या वर्षी खोडात चढलेल्या वलयाची शेवटची कड घट्ट भरते. थंड गेला असेल तर फिकी, पोकळ राहते. हजार वर्षांपूर्वीचा उन्हाळा आम्ही त्या कडेच्या घनतेवरून मोजत असू. त्यामुळे राळेच्या बाबतीत ग्लाफिरा कुणाचीही गय करीत नसे.

त्या हिवाळ्यात तिच्या टेबलावर होते ते खोड तिच्या नवऱ्याने आणलेले होते. कोंद्रात वीस वर्षे आमच्या तुकडीचा नावाडी होता. ध्रुवाजवळच्या एका नदीच्या ढासळत्या काठातून त्याने गाळात गाडलेले ते लार्च झाडाचे खोड उपसले आणि दोर बांधून होईपर्यंत बर्फाळ पाण्यात छातीभर उभा राहिला. आमच्या वलयांच्या साखळीत चाळीस वर्षांची फट होती. ती त्या एका खोडाने बुजणार होती. कोंद्रात मात्र त्या पाण्यातून फुप्फुसे गमावून परतला. आडवे झाले की त्याचा श्वास अडके, म्हणून तो पलंगावर उशांना टेकून, एक तळहात खोली तापवणाऱ्या रेडिएटरवर ठेवून बसलेला असे. डॉक्टरने एवढेच सांगितले होते : खोली थंड पडू देऊ नका.

जानेवारीत पारा उणे बेचाळीसवर उतरला आणि कोळसा यायचा थांबला. प्रयोगशाळा आणि आमची घरे एकाच बॉयलरवर तापत. बॉयलर सांभाळणारा येफिम टोपी हातात घेऊन ग्लाफिराच्या दारात उभा राहिला.

"मावशी, कोळसा मालधक्क्यावर पडलाय. पण तिथली माणसं नोटांकडे बघतही नाहीत. प्यायला स्पिरिट आणा म्हणतात."

"ते लाकडासाठी आहे, येफिम."

"मग लाकूड सांभाळा. कोंद्रातकाका गारठतील, त्याला माझा इलाज नाही."

तिने दोन बाटल्या दिल्या. पुढच्या आठवड्यात आणखी तीन. त्या खोडाच्या पट्ट्या उकळायची वेळ आली, तेव्हा तिने भांड्यात निम्मे पाणी घातले. पाणी मिसळलेल्या स्पिरिटात राळ नीट विरघळत नाही, हे आम्हाला शिकवले होते तिनेच. तीन दिवसांनंतरही भांड्यातला द्रव स्वच्छ होता. एरवी तो चहासारखा तांबूस होतो. तिने तिकडे न बघता पट्ट्या वाळत घातल्या.

फिल्म वाचून झाली आणि आमच्या विभागप्रमुख आल्बिना गेर्मानोव्हना स्वतः तिच्या टेबलापाशी आल्या. "कोंद्रातला सांगा, त्याने गाळातून नऊ उबदार उन्हाळे काढलेत. ओळीने नऊ! शुक्रवारी हे आकडे परिषदेत मांडले जातायत."

दुपारी कोबीचे सूप वाढताना तिने ते त्याला सांगितले. सांगितले नसते तर इतर कुणी सांगितलेच असते. कोंद्रातचा चमचा थांबला.

"उबदार? अगं, मी ते खोड काठावरच चाकूनं तासून नख फिरवून बघितलं होतं. नऊ वलयं नखाखाली दबत होती, भिजल्या पावासारखी. त्या उन्हाळ्यांत डासांनीसुद्धा कोट घातले असतील!" तो हसला, खोकला, आणि मग त्याचे तिच्या चेहऱ्याकडे लक्ष गेले. "ग्लाशा, काय केलंस?"

तिने सांगितले.

 त्याने रेडिएटरवरचा हात काढून घेतला.

"सांगून टाक त्यांना."

"चार लिटर उरलंय. बर्फ वितळेपर्यंत नवीन येत नाही. सांगितलं तर ते पट्ट्यांना जाईल. मग येफिमच्या हातावर मी काय ठेवू?"

"मी त्या पाण्यात उभा राहिलो, ते असलं खोटं छापायला?"

"आणि मी काय तुला असं मरताना बघत बसू?" ती इतक्या मोठ्याने ओरडली की भिंतीपलीकडे आम्ही बोलायचे थांबलो.

"ओरडू नकोस. पाण्यानं माझं काम केव्हाच उरकलंय. तुला माहीत आहे."

बुधवारी ती आल्बिना गेर्मानोव्हनांच्या दारापर्यंत गेली आणि परतली. गुरुवारी सकाळी परिषदेला निघालेल्या माणसाची बॅग भरून तयार असताना ती आत गेली आणि उभ्यानेच सगळे बोलली.

"याला चोरी म्हणतात, ग्लाफिरा प्रोकोप्येव्हना."

"म्हणा."

"उरलंय किती?"

"चार लिटर."

आल्बिना गेर्मानोव्हना खिडकीकडे वळल्या. "पण तुमच्या घरी..."

"माझ्या घरी कोण आहे, ते मला माहीत आहे."

त्याच दुपारी तिने पट्ट्या पुन्हा भांड्यात घातल्या. या वेळी पाणी नव्हते. संध्याकाळपर्यंत स्पिरिट तांबूस झाले, तेव्हा तिने खुर्ची ओढली आणि भांड्याकडे पाठ करून बसली.

शनिवारी कोळसा संपला. रविवारी उकळून उरलेले स्पिरिट येफिमने मालधक्क्यावर नेले. तिथल्या माणसांना राळेचा वास आला आणि त्यांनी ते परत केले. प्रत्येक घरात विजेच्या शेगड्या लागल्या आणि तासाभरात इमारतीचा फ्यूज उडाला. ग्लाफिराने कोंद्रातला फरचे दोन कोट आणि आमच्या घरातली गोधडी पांघरली. त्याच्या ओठांचा रंग बदलला होता.

सोमवारी आल्बिना गेर्मानोव्हना स्वतः फिल्म घेऊन आल्या. खिडकीच्या काचेवर आतून बर्फ धरले होते. कोंद्रातने हात कोटातून बाहेर काढला, नखाने बर्फ खरवडून नाण्याएवढी जागा केली आणि फिल्म तिथे धरली. घट्ट कडा फिल्मवर पांढऱ्या उमटतात. मध्यभागी नऊ रेघा जेमतेम दिसत होत्या. त्याने त्या मोजल्या. पाचव्या रेघेपाशी श्वास घ्यायला थांबला आणि पुन्हा पहिल्यापासून मोजल्या.

"थंडच होते," तो म्हणाला.

मंगळवारी दुपारी तो गेला.

कबरीसाठी गोठलेली जमीन मऊ करायला दोन दिवस तिच्यावर आग पेटती ठेवावी लागते. आम्ही जुन्या फळ्या आणल्या, मोडके टेबल आणले. तरी जळण कमी पडले, तेव्हा येफिमने प्रयोगशाळेतल्या कापून उरलेल्या तुकड्यांची पोती आणून ओतली. ग्लाफिरा आगीपाशी बसली. प्रत्येक तुकडा हातात घेऊन ती त्याच्या कडेवर नख फिरवी, मग आगीत टाकी. ज्यांची वलये नखाखाली दबत, ते तुकडे ती टाकत नव्हती. बाजूला बर्फावर ठेवत होती.

"मावशी, तेही द्या ना," येफिम म्हणाला. "माती अजून हाताला दगडासारखी लागतेय."

"हे नाही," ती म्हणाली. "दुसरं काहीतरी आण."