खोटा बोर्ड
तापल्या रबराचा वास आला, की जालन्याचं टेलिफोन एक्स्चेंज आठवतं. कॉल जोडायचा नवा बोर्ड येणार म्हणून आम्हा ऑपरेटर पोरींच्या सरावाला हुबेहूब तसाच खोटा बोर्ड मांडला होता. त्याची तार गावात कुठंच जायची नाही, फक्त शेजारच्या खोलीत, आमच्या सुपरवायझर मोठ्या बाईंपर्यंत. “इथं काहीबी चुकलं तरी बिघडत न्हाई,” त्या म्हणायच्या. खोली कोंदट, हेडफोन कानाला करकचून बसलेला, आणि रविवारी मला न विचारता माझी सुपारी फुटणार होती. बाई चहाला गेल्यात असं समजून मी प्लग खोचला आणि म्हणाले, “बाबा, मला हे लग्न करायचं न्हाई.” कानात बाईंचा आवाज आला, “साफ ऐकू आलं, पोरी. आता हेच घरी बोल.” पन्नास वर्षं होत आली, खऱ्या लाइनवर ते वाक्य मी अजून बोललेले नाही.