अर्धी धून

अमेरिकेत, ट्रॉय शहरात, आमच्या घराजवळच्या हॉलमध्ये एक बँड नवा अल्बम घेऊन आला होता. फिडल म्हणजे इथलं व्हायोलिन, बँजो, गिटार, आणि इथल्या डोंगराळ भागातलं जुनं नाचाचं संगीत. माझ्या शेजारी सत्तरीचे एक गोरे गृहस्थ बसले होते. त्यांच्या डाव्या हाताची थरथरती बोटं गुडघ्यावर सतत हलत होती. एक धून संपली, टाळ्या झाल्या, तरी ती थांबली नाहीत.

मी बघतोय हे लक्षात आल्यावर ते ओशाळून म्हणाले, "ही माझ्या वडिलांची धून. हिचा अजून एक भाग आहे. ही मुलं माझ्याकडेच शिकायला यायची. भांडण झालं, म्हणून तेवढा भाग मी मुद्दाम शिकवला नाही."

"मग आता सांगा ना! समोरच आहेत."

"हात चालत नाहीत आता. गुणगुणून दाखवेन, पण त्याआधी माफी मागावी लागेल."

कार्यक्रम संपल्यावर त्यांनी कोट चढवला, स्टेजकडे एकदा पाहिलं आणि ते निघून गेले.

मी रांगेत थांबून अल्बम घेतला. फिडल वाजवणाऱ्या मुलीने सही करता करता विचारलं, "कसं वाटलं?" दुसऱ्यांच्या भांडणात आपण कशाला पडायचं, असं मला वाटलं. "छान झालं," एवढंच म्हणालो.

ऑफिसला ड्राइव्ह करताना कधीतरी तो अल्बम लावतो. अल्बममध्ये ती धून जिथे थांबते, तिथे ती संपत नाही, हे ऐकणाऱ्यांपैकी फक्त मला माहीत आहे, आणि पुढचं मलाही येत नाही.