सन्मानाला खर्च येत नाही

लोकशाहीत सर्वांचे पाय समान असतात. त्या दुपारी झाशीतल्या एका विवाहघरात मात्र बाराच पाय धुतले जायचे होते, आणि त्यांतले दोन माझे होते.

हे मला ऐन वेळी कळलं. विधानसभेच्या उमेदवाराचा जाहीरनामा प्रसिद्ध होत होता. मी तिसऱ्या रांगेत बसले होते. आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष, ज्यांना मी लहानपणापासून काका म्हणते, माझ्या कानाशी वाकले.

"अगं, वर मंचावर उमेदवार सफाई कामगारांचे पाय धुणार आहेत. एक बाई आलीच नाही, तिची नाल्यावर ड्युटी लागली. खुर्च्या सहा मांडल्यात. तू बस ना जाऊन."

"काका, मी इंटर कॉलेजात शिकवते."

"माहीत आहे गं. पण तुझे बाबा रेल्वेत सफाईवालेच होते ना? मग चालतं. सन्मानच आहे तो."

चालतं.

एकवीस वर्षं मी अकरावी-बारावीला अर्थशास्त्र शिकवते आहे. बाबा भुसावळहून रेल्वेच्या नोकरीवर इथे आले, इथेच वारले. मंडळाच्या गणपतीत आम्ही वर्गणी देणाऱ्यांत होतो, प्रसाद वाटणाऱ्यांत कधीच नव्हतो. माझी पदवी काकांना दर वेळी विचारावी लागे. बाबांचा झाडू त्यांना पाठ होता.

मला राग यायला हवा होता. काहीच आलं नाही. दाढ बधिर केल्यावर गाल दुसऱ्या कुणाचा वाटतो, तसं वाटलं.

गंमत अशी की, त्या जाहीरनाम्यातली आर्थिक धोरणाची सहा पानं मीच लिहिली होती. माझं नाव काकांनीच सुचवलं होतं. उमेदवाराचा सचिव घरी येऊन म्हणाला, "मैडम, इकॉनमी आप देख लीजिए। भैयाजी भावना में मजबूत हैं, बजट में थोड़ा कम।"

भैयाजींची, म्हणजे उमेदवाराची, भेट झाली. त्यांचं धोरण स्पष्ट होतं. कर कमी करायचे, खर्च वाढवायचा, राज्यावरचं कर्ज संपवायचं. तिन्ही एकाच वर्षात. मी विचारलं, पैसा कुठून येणार? ते म्हणाले, "इच्छाशक्ति से।" सचिवानं ते लिहूनही घेतलं.

मी इच्छाशक्तीचं जमेल तेवढं गद्य केलं. बिजौलीतल्या बंद कारखान्यांना वीजदरात सवलत. मऊरानीपूरच्या धान्यमंडीत गोदाम. कुठल्या खर्चाला कात्री लावायची तेही लिहिलं. मोबदला मागितला नाही. एकच अट घातली. एक परिच्छेद माझा, त्यातला शब्द बदलायचा नाही. परिच्छेद असा होता: सफाईतली ठेकेदारी बंद करू, आज काम करणाऱ्यांना कायम करू, आणि त्यासाठीची तरतूद पहिल्याच अर्थसंकल्पात मागू.

माझा धाकटा भाऊ ठेकेदाराकडे नाल्यावर आहे. बाबांची नोकरी निदान कायम होती. त्याला आजारपणाची रजासुद्धा नाही. मला तो परिच्छेद हवा होता. बाकीची पानं मी त्याच्यासाठीच लिहिली.

"वचन है," भैयाजी म्हणाले होते.

काका बोलत होते तेव्हा जाहीरनाम्याची पुस्तिका माझ्या हातात होती. मी ते पान उघडलं. परिच्छेद नव्हता. त्या जागी एक ओळ होती: "सफाईकर्मियों का सम्मान, चरण-वंदन के साथ।"

मी उठले आणि मंचावर गेले. काकांना वाटलं, मी ऐकलं.

पितळेची परात होती. कोमट पाणी, त्यात गुलाबाच्या पाकळ्या. भैयाजींच्या गुडघ्यांखाली मखमली गादी. पाच जण रांगेत बसले होते, अनवाणी, पाय जवळ घेऊन. कॅमेरावाला ओरडला, "मैडम, सैंडल!"

मी सँडल काढल्या नाहीत. बसलेही नाही.

"भैयाजी, मेरा पैराग्राफ कहाँ गया?"

ते गादीवरून वर पाहत राहिले. "कौन-सा?"

सचिव धावत आला. "मैडम, वो बजट में नहीं बैठ रहा था। भावना वही है।"

"भावना नहीं लिखी थी मैंने। तरतूद लिखी थी।"

घाईत मराठी शब्द तोंडातून गेला. माईक चालू होता. सभागृहाला काही कळलं नाही, काकांना कळलं.

"अगं, लोक बघतायत. पाय पुढे कर," ते खालून कुजबुजले.

"नाही करणार. ज्यांनी लिहिलेलं खोडलं त्यांना मी पाय देणार नाही."

शेजारच्या खुर्चीतल्या म्हातारीनं माझा पदर ओढला. "बिन्नू, बेटी, तुम जाओ। हम तो धुवा लेंगे। भोर से बैठे हैं।" मग सचिवाकडे वळून, "काय लला, जौ तौलिया हमें मिलहै कै नईं?"

टॉवेल तिला मिळाला की नाही, माहीत नाही. मी तोवर बाहेर होते. मागे टाळ्या सुरू झाल्या. खुर्च्यांतल्या पाच जणांसाठी होत्या. माझी खुर्ची कॅमेऱ्यातून वगळली असणार.

घरी भाऊ म्हणाला, "ताई, धुवून घ्यायचेस ना. व्हिडिओत आली असतीस."

"तुझे धुवून दिले असते त्यांनी?"

"माझे? ते आधी मलाच धुवून न्यावे लागले असते." तो हसला. मला हसता आलं नाही.

यापुढे बिननावाचं कुणासाठी लिहिणार नाही, हे मी ठरवलं. काकांच्या मंडळाला वर्गणी नाही. तो परिच्छेद मी माझ्या नावानं छापून घेतला, नावापुढे वडिलांचं कामही लिहून. ज्या कुणाला आमच्या सफाई कामगारांच्या वस्तीची मतं हवीत त्यानं त्याखाली सही करायची. सही नसेल तर कुणाच्याही पायाला हात लावायचा नाही. हे मी प्रत्येक उमेदवाराला तोंडावर सांगणार आहे, निवडणूक संपल्यावर निवडून आलेल्याला पुन्हा सांगणार आहे.

वस्तीत पहिली सभा घेतली. अकरा माणसं आली. चार आमच्या घरची होती. उरलेल्या सातांना वाटलं होतं, रेशनकार्डाचं शिबिर आहे.