निऱ्या मास्तरांच्या हातच्या

ज्या माणसानं उभ्या जन्मात एकाही बाईच्या तोंडाकडं नीट पाहिलं नाही, त्याच्याइतकं सुबक लुगडं नेसवणं अख्ख्या जिंतुरात एकाही बाईला जमत नव्हतं. हे आमचे शेजारी, शाळेतले मास्तर. एकटा जीव, साठीला टेकलेले. बाईमाणसाशी बोलायची वेळ आली की ते खांबाकडं बघून बोलत, खांब नसला तर उंबऱ्याकडं. एकदा त्यांची सख्खी बहीण पूर्णेहून न कळवता आली, तर हे उंबऱ्याला विचारतात, "आपण कुणाकडच्या?" बहिणीनं तिथंच पिशवी आपटली, तेव्हा आवाजावरून ओळख पटली.

पण भादव्यात महालक्ष्म्यांचा दिवस उजाडला की साऱ्या गल्लीचं मास्तरांवाचून अडायचं. आमच्याकडं महालक्ष्म्यांना धड म्हणून पत्र्याच्या दोन कोठ्या असतात. त्यांना आधी लुगडी नेसवायची, आणि मग तिन्हीसांजेला सवाष्णींनी मुखवटे वाजत-गाजत आत आणून वर बसवायचे. पत्र्याच्या कोठीला ना कंबर ना खांदा, त्यामुळं बायकांनी नेसवलेलं लुगडं आरतीपर्यंत टिकत नसे. मास्तर मात्र सकाळी अंघोळ करून, सुतळीचं बंडल घेऊन निघत आणि दिवसभरात सात-आठ घरं उरकत. त्यांचे कायदे कडक. टाचणी लावायची नाही, "देवीला टोचायलात का?" नेसवताना खोलीत कुणी थांबायचं नाही, दार लोटून घ्यायचं. देवी झाल्या तरी बायकाच, असं त्यांचं म्हणणं. आतून हळू आवाज यायचा, "माय, जरा माफी असावी." त्यांचं सगळं शिक्षण उर्दूतून झालेलं, निजामाचं राज्य जाऊन शाळा मराठी झाली तरी त्यांचा हिशोब काही मराठी झाला नव्हता. पोरांना ते 'जर्ब' आणि 'तक्सीम' शिकवत, मग डोक्याला हात लावून 'गुणाकार, भागाकार' म्हणत. पहिल्या वर्षी आमच्या घरी आतून ओरडले, "वहिनी, निऱ्या ताक पाहिजेत, ताक!" आईनं लगबगीनं फुलपात्रभर ताक दाराशी नेऊन ठेवलं. उर्दूत 'ताक' म्हणजे विषम; मास्तरांना म्हणायचं होतं की निऱ्यांचा आकडा विषम हवा. ताक मात्र ते प्याले, आणि पुढं दर वर्षी आईनं ते न मागता ठेवलं.

त्यांची आणखी एक तऱ्हा होती. मुखवटे यायच्या आत ते पसार होत. दुसऱ्या दिवशी पुरणपोळीच्या जेवणाला सगळीकडं आमंत्रण असे, पण पाट असा मागत की महालक्ष्म्यांकडं पाठ होईल. आपण सजवलेल्या देवींचं तोंड त्यांनी कधीच पाहिलं नाही. गल्लीत यावर हसणं चाले. मास्तर देवींनाही लाजतात, असं माझी मावशी सांगत सुटली होती.

एका वर्षी आईनं सहज विचारलं, "भावजी, तुमच्याकडच्या महालक्ष्म्या कुठं बसतात?" मास्तर खांबाकडं वळले. मग खांबालाच सांगितलं, की त्यांच्या आईचे हात संधिवातानं वाकले होते, म्हणून लहानपणी तेच लुगडी नेसवायचे, आई बसून शिकवायची. आई गेली, घरात सवाष्ण नाही, तेव्हापासून मुखवटे पेटीतच आहेत. "घरच्या देवींना पेटीत कोंडून मी गावच्या देवी सजवतो, वहिनी. कोणत्या तोंडानं बघू त्यांच्याकडं?"

आईचा हसरा चेहरा उतरला. पण ती गप्प बसणाऱ्यांतली नव्हती. पुढच्या भादव्यात तिनं त्यांना सांगून टाकलं, की यंदा सगळ्यात शेवटी तुमचं घर. मास्तर नको-नको म्हणाले, बाईविना घरात कुळाचार कसा होणार म्हणाले. आई म्हणाली, "मी भावजय हाय न तुमची? मुखवटे मी आणते. तुमी लुगडी नेसवा."

त्या दिवशी मास्तरांना दोन लुगडी नेसवायला दुपार पुरली नाही. तीनदा सोडलं, तीनदा नेसवलं. तिन्हीसांजेला आई आणि मावशी पेटीतले ते पितळी मुखवटे चिंचेनं लखलखीत करून, तुळशीपासून कुंकवाच्या पावलांवरून निघाल्या. मागं आम्ही ताट-पळी वाजवत. उंबऱ्याशी आल्यावर घरातल्यानं विचारायचं असतं, कोण आलं, कशाच्या पावलानं आलं. आतून आवाजच येईना. मास्तर मागच्या दाराच्या कडीला हात लावून उभे होते. आई उंबऱ्यातच थांबली. पुढंही होईना, मागंही फिरेना. ताटं आपोआप थांबली.

शेवटी मास्तर पुढं आले. घसा खाकरून म्हणाले, "कोण आलं?"

"महालक्ष्मी आली," आई म्हणाली.

"कशाच्या पावलानं?"

"सोन्याच्या पावलानं."

मग त्यांनी मान वर केली आणि मुखवट्याकडं पाहिलं. कितीतरी वेळ पाहिलं. म्हणाले, "माय, लय दिवस लावले मी." आणि बाजूला होऊन वाट दिली.

दुसऱ्या दिवशी सोळा भाज्या, आंबील, पुरण, सारं गल्लीनं मिळून केलं. मास्तरांनी वाढपात कुणालाही हात लावू दिला नाही आणि मावशीला आग्रह करकरून तिच्या थट्टेचा सूड घेतला.

तिसऱ्या दिवशी मूळ नक्षत्रावर महालक्ष्म्यांना निरोप देतात. आई दुपारीच हळद-कुंकू घेऊन गेली, मी सोबत होतो. कायद्याचा एवढा पक्का माणूस, पण हळूच म्हणाला, "वहिनी, एक दिवस जास्त ठेवल्या तर?"

तसं चालत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. आईनं ताट खाली ठेवलं. म्हणाली, "दिवेलागणीपर्यंत मूळ हाय, भावजी. तवर बसा तुमी."

मास्तर पुढ्यात मांडी घालून बसले. पुढं दहा-बारा वर्षं त्यांच्या घरी महालक्ष्म्या येत राहिल्या, मग मास्तरच राहिले नाहीत. पण मास्तर म्हटलं की मला ती दुपार आठवते. दार उघडं होतं, आणि येणारं-जाणारं माणूस तिथून जाताना पाऊल हळू टाकत होतं.